साहेब म्हणते का मी अठीच राहतो

प्रेमिला कटरे गावातल्या खाजगी हायस्कूलात आठ वर्षांपासून इंग्रजी शिकवत होती, पण इंग्रजीत कुणाशी दोन वाक्यं बोलायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. नवेगाव बांधला इंग्रजी बोलणार तरी कुणाशी? बाजारात झाडीबोली, घरी सासूशी पोवारी, गोंदियाला गेलं की हिंदी. इंग्रजी ही फळ्यावरची गोष्ट. त्यातही दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात कसं सांगायचं, तो नॅरेशनचा धडा म्हणजे तिचा हातखंडा. मध्ये 'दॅट' घालायचा, 'आय'चा 'ही' करायचा, 'हिअर'चं 'देअर', 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे'. दहावीची पोरं हे पाढ्यासारखं म्हणत आणि बोर्डाच्या पेपरात तेवढे मार्क कुणाचेच जात नसत.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात बांधाच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या तळ्याच्या, काठच्या विश्रामगृहात दोन पाहुणे उतरले. कुरियन सर हे केरळातल्या कुठल्याशा कॉलेजातून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले गृहस्थ. पाण्यात उगवणाऱ्या वनस्पतींचा त्यांचा अभ्यास होता. सोबत टीना, त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी पंचविशीतली मुलगी. सरांना मोडकीतोडकी हिंदी येई. टीनाला मल्याळम आणि इंग्रजी सोडून काही येत नव्हतं. चौकीदार भैयाजी तिला खुणांनीच जेवायला बोलावी. सर रोज सकाळी तळ्यात मासे धरणाऱ्या उदाराम ढिवराच्या डोंग्यात बसत. एकाच झाडाचं खोड कोरून केलेली ती होडी. तीत बसून ते पाण्यातली झाडं गोळा करत आणि न्याहारीला परत येत. टीना मागे राहून आदल्या दिवशीची झाडं कागदात दाबून वाळवी.

त्या दिवशी न्याहारीची वेळ टळून गेली तरी सर आले नाहीत. दुपारच्या सुट्टीत भैयाजी धापा टाकत शाळेत आला. उदाराम एकटाच परत आलाय, काहीतरी निरोप सांगतोय, आणि केरळच्या पोरीला तो कळत नाही, असं त्यानं सांगितलं. हेडमास्तर केशोराव लगेच प्रेमिलाकडे वळले. आपल्या शाळेत इंग्रजीच्या बाई आहेत, हे आज गावाला दिसेल, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

विश्रामगृहाच्या पडवीत उदाराम गुडघ्यापर्यंत ओला उभा होता. दारात टीना, हातात सरांचा न्याहारीचा डबा. प्रेमिलानं काय झालं म्हणून विचारलं, तसा उदाराम म्हणाला, "बाई, साहेब म्हणते का मी आज अठीच राहतो, तू उद्या ये. लय चिडून होता जी. एवढ्या थंडीत घामानं डबडबला होता. पानी देतो म्हटलो तं हात झटकला."

'अठीच' म्हणजे इथंच, तळ्याच्या मधल्या डोंगरीवर, हे प्रेमिलाला विचारावं लागलं नाही. त्या बेटावर सर रोजच उतरत. ती टीनाकडे वळली. टीना तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. दहावीच्या चाळीस पोरांपुढे न डगमगणाऱ्या प्रेमिलाला आता एकही वाक्य जुळवता येईना. पाठ असलेलं सगळं कुठंतरी पळालं आणि उदारामाचे शब्द जसे आले तसे, एकामागून एक, तिच्या तोंडून इंग्रजीत बाहेर पडले.

"सर सेड दॅट आय विल स्टे हिअर टुडे. यू कम टुमारो."

चिडल्याचं आणि घामाचं तिनं सांगितलंच नाही. डबडबला याला इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना. शिवाय तुझे गुरुजी चिडले होते असं परक्या मुलीला तोंडावर कसं सांगायचं? म्हातारं माणूस, असेल स्वभाव.

टीनाच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तिनं काहीतरी भराभर विचारलं. प्रेमिलाला त्यातलं 'स्टे हिअर' कळलं आणि 'टुमारो' कळलं. ती दोन्हींना "येस, येस" म्हणाली. टीनानं तिचा हात हातात घेऊन दाबला, आभार मानले, आणि न्याहारीचा डबा आत नेऊन ठेवला.

शाळेकडे परत जाताना प्रेमिलाचे पाय जमिनीला लागत नव्हते. केशोरावांनी तिच्यासाठी चहा मागवून ठेवला होता. स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी, मग काय बोलल्या, म्हणून विचारलं, तेव्हा तिनं सहज सांगावं तसं सांगितलं की काही नाही, एक निरोप होता.

सुट्टीनंतरचा पहिला तास संपत आला होता तेव्हा भैयाजी पुन्हा वर्गाच्या दारात उभा राहिला. ती बाहेर गेली.

"बाईजी, तुमची खाट लावून ठेवलो," भैयाजी म्हणाला. "रात्रीले भाजी कोनती करू?"

"कोणाची खाट?"

"तुमची. पोरगी खुणेनं सांगून राहिली का तुमी आज तिच्यासंगं झोपनार. अन् सोतः बॅग भरून राहिली. उद्या जाते वाटते."

मी कायले झोपीन तठी, असं विचारायला प्रेमिलानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भैयाजीला तिनं, येते मी, म्हणून वाटेला लावलं आणि हातातल्या खडूकडे बघत व्हरांड्यात उभी राहिली. आपण काय बोललो ते तिनं मनात पुन्हा म्हणून पाहिलं. सर सेड दॅट आय विल स्टे हिअर.

आय म्हणजे कोण?

आपल्याकडे निरोप आणणारा माणूस निरोप देणाऱ्याचं तोंड घेऊन येतो. साहेब म्हणते का मी राहतो, असं उदाराम म्हणाला, तेव्हा त्यातला 'मी' साहेबाचा होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. 'अठी' म्हणजे साहेब उभा होता तिथं. इंग्रजीत तसं नाही. ज्याचं तोंड त्याचा 'आय', आणि तो जिथं उभा तिथं 'हिअर'. म्हणजे टीनाला ऐकू आलं ते असं, की सरांनी या बाईंना इथं विश्रामगृहात तुझ्या सोबतीला राहायला सांगितलंय, आणि तू उद्या ये. उद्या कुठं यायचं, ते टीनानं आपलं आपण ठरवलं असणार.

हे तर तिनं आठ वर्षं शिकवलं होतं. पेपर तपासताना याच चुकीवर तिनं लाल रेघा ओढल्या होत्या.

लगेच जायला हवं, हे तिला कळत होतं. पण आत स्टाफरूममध्ये तिच्या चहाचा कप अजून टेबलावर होता. आता हेडमास्तरांची परवानगी मागायची, कशाला जाता म्हणून ते विचारणार, आणि मग काय सांगायचं? एवढं काय बिघडलंय, तिनं स्वतःला समजावलं. सर डोंगरीवर आहेत, ठीक आहेत, स्वतःच राहिलेत. शाळा सुटली की जाऊ आणि नीट सांगू. घंटा झाली. ती आपल्या शेवटच्या तासाला नववीच्या वर्गावर गेली.

धडा वाचायला तिनं एका मुलीला उभं केलं. मुलगी वाचत होती आणि प्रेमिला खिडकीतून बाहेर बघत होती. मैदानातल्या धुळीचे लोट उठत होते. वारं सुटलं होतं, उत्तरेचं, अंगाला बोचणारं. पोरांनी स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या होत्या. तिनं ते पाहिलं आणि तिला उदारामाचं ते वाक्य आठवलं, जे तिनं गिळलं होतं. एवढ्या थंडीत माणसाला घाम कशानं येईल? आणि पहाटे उपाशी गेलेला म्हातारा न्याहारी सोडून, पाणीसुद्धा झटकून, तिथं कशाला राहील?

मुलगी वाचतच होती. तास संपायला थोडाच वेळ होता. प्रेमिला आणखी थोडा वेळ बसून राहिली. मग उठली आणि कुणालाही न विचारता फाटकाबाहेर पडली.

टीना खरंच बॅग भरत होती. प्रेमिलाला बघून हसली आणि आतल्या खोलीतली खाट दाखवायला लागली. प्रेमिलानं वाटेत वाक्यं जुळवून आणली होती. पहिलं वाक्य होतं, माझी चूक झाली. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. त्याऐवजी ती म्हणाली, "उदाराम सेज दॅट सर इज देअर. ऑन द आयलंड. ही सेड दॅट ही वुड स्टे देअर टुडे. ही टोल्ड उदाराम दॅट ही शुड कम टुमारो."

"हू शुड कम?" टीनानं विचारलं.

"उदाराम. उदाराम शुड गो टू सर."

टीना गोंधळली. ती हळूहळू बोलली, तेव्हा प्रेमिलाला कळलं की सर पलीकडच्या काठानं गोंदियाला निघून गेले, तिथल्या ओळखीच्या प्राध्यापकांकडे, असं ती समजून चालली होती. जायचं त्यांचं आदल्या संध्याकाळी बोलणं झालं होतं. मग उद्या आपणही गोंदियाला यायचं, असा तिनं अर्थ लावला होता.

"नो गोंदिया," प्रेमिला म्हणाली. "ही इज देअर. अलोन. ही वॉज अँग्री. ही वॉज स्वेटिंग."

टीनाच्या हातातला टॉवेल खाली पडला. ती इतक्या घाईनं बोलायला लागली की प्रेमिलाला सुटे शब्दच सापडले. शुगर. इन्सुलिन. मॉर्निंग. नो फूड. तेवढे पुरे होते. सरांना साखरेचा आजार होता, सकाळी इंजेक्शन घेऊन ते गेले होते, आणि त्यावर पोटात काही पडलं नव्हतं. साखर उतरली की माणूस आधी असाच चिडतो, घामेजतो, भलतंच काहीतरी धरून बसतो, हे टीनाला ठाऊक होतं. ते डोंगरीवर राहतो म्हणाले, एवढं एक वाक्य नीट कानावर आलं असतं, तर ती दुपारीच धावत सुटली असती.

घाटावर उदाराम नव्हता, आणि सरांना सोडलं ती जागा त्यालाच ठाऊक होती. जाळं टाकायला तो पार दुसऱ्या अंगाला गेला होता. प्रेमिला बांधावरून पळत सुटली, साडीचा काष्टा खोचून, आणि पाण्यावर दिसेल त्या डोंग्याला हाक घालत गेली. एका ढिवरानं दुसऱ्याला हाक दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. उदारामाचा डोंगा वळेपर्यंत सूर्य डोंगरांकडे कलला होता.

वारा पाहून उदाराम म्हणाला की दोघी नको, एकच चला. टीना ग्लुकोज आणि बिस्किटांचा डबा घेऊन आधीच डोंग्यात बसली होती. प्रेमिलाला पोहता येत नव्हतं. उंच लाटांवर ते कोरलेलं खोड कसं हेलकावे खात होतं ते तिला दिसत होतं. पण ती नसती तर या दोघांना एकमेकांचा शब्द कळला नसता. ती चढली आणि दोन्ही हातांनी काठ धरून मधोमध बसली. लाट आली की पाणी आत यायचं आणि टीना डब्याच्या झाकणानं ते बाहेर उपसायची.

डोंगरीवर सरांना जिथं सोडलं होतं तिथं ते नव्हते. त्यांची पिशवी होती, झाडं विखुरलेली होती, एक चप्पल होती. तिघं हाका मारत झुडपांतून पांगले. उदारामालाच ते सापडले, मागच्या बाजूला, पाय पाण्यात सोडून एका दगडाला टेकलेले. डोळे उघडे होते पण नजर ओळखीची नव्हती. टीनानं हात लावला तर त्यांनी तिला ढकललं आणि जड जिभेनं मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटले. अंग घामानं भिजलेलं आणि थंडगार.

टीनानं ग्लुकोजची पूड पाण्याच्या थेंबांत कालवली आणि त्यांच्या गालाच्या आतून बोटानं चोळायला लागली. एक बोट, मग पुन्हा एक. उदारामानं त्यांना मागून धरलं होतं. प्रेमिलानं त्यांचे पाय पाण्यातून काढून आपल्या पदरात गुंडाळले. ते पाय इतके थंड होते की तिला मनातल्या मनात देवाचं नावसुद्धा घेता येईना. आपण वर्गात धडा ऐकत बसलो होतो, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बऱ्याच वेळानं सरांनी गिळलं. मग आणखी. मग टीनानं त्यांना पाण्यातून ग्लुकोज पाजलं, बिस्किट भरवलं. त्यांची नजर एकेकावर फिरली आणि उदारामावर थांबली.

"तुम को कल आने को बोला था," ते म्हणाले.

टीनाला ते कळलं नाही. ती सरांच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली होती.

अर्जुनी या तालुक्याच्या गावच्या दवाखान्यात त्यांना रात्रभर ठेवून सकाळी सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं की आता काळजी नाही. प्रेमिला शाळेआधी विश्रामगृहावर गेली, तेव्हा पडवीत माणसं जमली होती. जंगल खात्याचे रेंजर साहेब खुर्चीत बसले होते, केशोराव चौकशीला आले होते, आणि खाली पायरीजवळ उदाराम उभा होता. सर आत पलंगावर पडून होते, दार उघडं होतं.

रेंजर साहेब उदारामाला झापत होते. म्हाताऱ्या पाहुण्याला डोंगरीवर एकटं टाकून येतो, वर कुणाला सांगतही नाही. आजपासून बांधात डोंगा घालायचा नाही, मच्छीमार सोसायटीला तसं कळवतो. प्रेमिलाला बघताच ते म्हणाले, बरं झालं तुम्ही आल्या, या मॅडमला विचारून सांगा, नेमकं काय झालं.

टीनाचे डोळे सुजलेले होते. ती सावकाश बोलली. "द बोटमन डिड नॉट टेल अस दॅट सर वॉज देअर. ही टोल्ड अस ओन्ली इन द इव्हनिंग."

सगळे प्रेमिलाकडे बघायला लागले. रेंजर साहेबांना आणि केशोरावांना एवढं इंग्रजी समजलं नव्हतं. उदारामाला तर नाहीच. टीनाला मराठी येत नव्हती. पडवीत काय बोललं जातंय हे दोन्हीकडून कळणारी एकटी प्रेमिलाच होती. ती काहीही सांगू शकली असती आणि ते तसंच धरलं गेलं असतं.

"मी तं दुपारीच सांगतलो होतो जी," उदाराम म्हणाला. "बाईले विचारा."

प्रेमिलानं एकदा केशोरावांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "साहेब, मॅडम म्हणतात की उदारामानं संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. पण ते खरं नाही. त्यानं दुपारीच सगळं सांगितलं होतं. सर राहिले, चिडले, घाम आला, सगळं. मीच मॅडमला चुकीचं सांगितलं."

केशोरावांनी मान खाली घातली. रेंजर साहेब काही बोलायच्या आत ती टीनाकडे वळली. आता वाक्य जुळवायची गरज पडली नाही.

"उदाराम टोल्ड मी ॲट नून. ही टोल्ड मी दॅट सर वॉज स्वेटिंग. आय डिड नॉट टेल यू."

"बट यू सेड दॅट यू वुड स्टे विथ मी."

"नो. आय सेड 'आय'. आय मेंट सर."

टीनाच्या डोक्यात आदल्या दुपारचं ते वाक्य पुन्हा फिरत असावं. मग तिनं हळूच विचारलं, "व्हेन डिड यू नो?"

यावर, तुझ्याकडे आले तेव्हा, असं म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं?

"बिफोर माय लास्ट पीरियड," प्रेमिला म्हणाली. "आय टुक द क्लास. देन आय केम."

टीना उठली आणि आत गेली. दार लोटलं नाही, पण मागं वळूनही पाहिलं नाही. आतून सरांनी मल्याळममध्ये काहीतरी विचारल्याचं आणि तिनं तुटक उत्तर दिल्याचं ऐकू आलं. मग सरांचा क्षीण आवाज बाहेर आला. उदाराम को अंदर बुलाओ, चाय दो.

रेंजर साहेबांनी टोपी उचलली. डोंग्याचं काही कळवत नाही, पण पुन्हा एकट्या पाहुण्याला सोडायचं नाही, एवढं बजावून ते जीपमध्ये बसले. केशोराव त्यांच्यामागून शाळेकडे निघाले. प्रेमिलासाठी ते थांबले नाहीत.

सर आणि टीना आणखी तीन दिवस राहिले. दुभाष्याचं काम पडलं तेव्हा त्यांनी अर्जुनीहून एका कंपाउंडरला बोलावलं, प्रेमिलाला नाही. जायच्या दिवशी जीप शाळेसमोरून गेली. टीनानं तिला फाटकात उभं पाहिलं आणि हात हलवला नाही, पण मान हलवली.

गावात गोष्ट पसरायची ती पसरलीच. इंग्रजीच्या बाईनं साहेबाले मारूनच टाकला असता, असं बाजारात कुणीसं म्हणालं, आणि ते तिच्या सासूनं घरी येऊन सांगितलं. नवरा देवानंद म्हणाला, सोड, लोक चार दिवस बोलतील. पण प्रेमिलाला ठाऊक होतं, लोक खोटं बोलत नव्हते.

त्या आठवड्यात संध्याकाळी घरी येताना बांधावर तिला उदाराम भेटला. खांद्यावर जाळं होतं. तो थांबला.

"बाई, तुमी नाई बोलल्या असत्या तं माहा डोंगा गेला असता."

"उदारामभाऊ, मी त्या दुपारीच बोलायला पाहिजे होतं."

उदारामानं जाळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तिच्याकडे सरळ पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "बोलाले पाहिजे होता."

आणि तो घाटाकडे उतरून गेला.